दोन ब्रेकची गाडी

"क्लच सोडा. हळू. अजून हळू," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ वर आली.

स्टिअरिंगवर दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालताना न डगमगणारा हा माणूस, पण गाडीत बसला की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. आज त्यांचा नववा धडा होता. चौकाच्या बरोबर मध्यावर गाडीने दोन आचके दिले आणि ती जागच्या जागी थंड झाली. मागून हॉर्न सुरू झाले.

"मी काय केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही काही नाही केलंत. हात स्टिअरिंगवरच ठेवा. त्यांना हॉर्न वाजवता येतो, तर वाजवू दे."

बाई उतरल्या. समोरचा फळवाला आपली हातगाडी सोडून धावला, कॉलेजच्या दोन मुली आल्या, शेवटी डॉक्टरही खाली उतरून ढकलायला लागले. बाई दारातून आत हात घालून स्टिअरिंग वळवत होत्या. डॉक्टरांनी त्या दिवशी गाडी ढकलायला जेवढा जोर लावला तेवढा नऊ धड्यांत गियरवर कधी लावला नव्हता. गाडी कडेला लागली तेव्हा त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"म्हणजे खरंच माझ्यामुळे नाही ना?"

"डॉक्टर, हिचं वय तुमच्याएवढं आहे. तुम्हालाही कधीतरी धाप लागतेच की."

गावात बाईंना 'ब्रेकबाई' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटसमोर त्यांचा स्वतःचा वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. गेल्या बावीस वर्षांत निम्मं गाव त्या ब्रेकच्या भरवशावर रस्त्यावर उतरलं होतं. शाळेतल्या शिक्षिका, पोस्टमन, दोन नर्सबाई, निवृत्त झाल्यावर हौस आलेले एक न्यायाधीश, सगळे याच गाडीत घाबरले आणि याच गाडीत धीट झाले.

त्यांनी मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, वाफ निघाली."

"रेडिएटरचं झाकण उघडू नका. आलो."

एवढंच बोलणं. बावीस वर्षांत त्यांचं फोनवरचं बोलणं याच्यापुढे फारसं गेलं नव्हतं. अर्ध्या तासाने मिस्त्री शेजारच्या टाइल्सच्या दुकानातला टेम्पो घेऊन आले, मागे दोर बांधला आणि गाडी ओढत गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी डिपस्टिक काढून उजेडात धरली. काळं असायला हवं ते ऑइल दुधाळ चहासारखं दिसत होतं. त्यांनी ते बोटांच्या चिमटीत चोळलं, वास घेतला, मग बॉनेटखाली वाकून टॉर्च लावून बराच वेळ पाहत राहिले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता ते उठतील, हात पुसतील आणि "होऊन जाईल" म्हणतील, हे त्यांना पाठ होतं. गियरबॉक्स गेला तेव्हा तेच, पुराच्या पाण्यात गाडी दोन दिवस उभी राहिली तेव्हाही तेच.

मिस्त्री उठले. हात पुसले.

"बाई, आता हिला सोडा."

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"इंजिनच्या ब्लॉकलाच चीर गेलीय. पाणी ऑइलमध्ये शिरतंय. वरवरचं काही नाही हे, हाडच मोडलंय. तुमची मुलगी म्हणते तशी नवी घ्या."

"ब्लॉक बदलता येतो ना?"

"मिळाला तर. या मॉडेलचा ब्लॉक आता कुठे मिळतोय?"

"मी शोधते," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी बॉनेट हळूच खाली सोडलं, आपटलं नाही.

संध्याकाळी मुलगी आली. मुलगी आईच्याच हाताखाली गाडी शिकली होती आणि आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. तिने फोनवर एका पांढऱ्या गाडीचे फोटो काढून ठेवले होते.

"आई, त्या गाडीला आता पेन्शन दे. सगळ्यांनी सेवा करून घेतलीय तिच्याकडून."

"बघू."

"मागच्या वर्षीही बघू. त्याच्या मागच्या वर्षीही बघू. तुझं बघून कधी होणार?"

"ब्लॉक मिळाला तर तीच चालवीन."

मुलीने फोन उलटा ठेवला. "तुला नवी गाडी परवडत नाही असं तर नाही ना? मी आहे."

"परवडते गं. तसं काही नाही."

मग कसं आहे, हे बाईंनी सांगितलं नाही. मुलीलाच काय, त्यांनी ते कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी त्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात फोन घ्यायच्या आणि शिकणाऱ्यांच्या वेळा लिहून ठेवायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. गाडी चालवणं अंगवळणी पडलेलं होतं, म्हणून शिकवायचं काम मागितलं, तर मालक हसून म्हणाले, "बाईमाणसाच्या शेजारी बसून गाडी शिकायला येणार कोण?" बाईंनी ती नोकरी सोडली आणि चार हात फिरून आलेली ही गाडी घेतली. आता तिला शेजारच्या बाजूला दुसरा क्लच, दुसरा ब्रेक बसवायला हवा होता. तीन गॅरेजवाल्यांनी नाही म्हटलं. त्यातल्या एकाने तर घरच्या पुरुषमाणसाला घेऊन या म्हणून सांगितलं.

चौथे हे मिस्त्री. त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त "बसा आणि पाय लांब करा" म्हणाले आणि सुतळीचा तुकडा घेऊन सीटपासून बाईंच्या टाचेपर्यंतचं अंतर मोजून त्याला गाठ मारली. तीन दिवसांनी पेडलं बसली. मग मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसले, बाईंना शेजारी बसवलं आणि गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी नेली.

"मी भिंतीवर गाडी घालतो," ते म्हणाले. "थांबवायचं काम तुमचं."

पहिल्या खेपेला बाईंनी इतक्या लवकर ब्रेक दाबला की मिस्त्री म्हणाले, "शिकणाऱ्याला चूक करायला थोडी जागा ठेवा की." दुसऱ्या खेपेला उशीर झाला आणि भिंतीपाशी रचलेल्या जुन्या टायरांनी मार खाल्ला. तिसऱ्या खेपेला गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. मिस्त्रींनी उतरून खरोखरच वीत टाकून मोजलं.

"उद्या पाटी लावा," ते म्हणाले.

पहिल्या महिन्यातल्या पाचही शिकणाऱ्या बायका मिस्त्रींच्या गिऱ्हाइकांच्या घरच्या होत्या. त्या कशा आल्या हे बाईंनी विचारलं नाही, आणि मिस्त्रींनीही सांगितलं नाही. पण आपल्या घरात दोन वेळची चूल कोणाच्या शब्दावर पेटली, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढे गावाबाहेर मोठ्या रस्त्याला काचेचं सर्व्हिस सेंटर झालं. तिथे बसायला सोफे होते, गाडी धुऊन मिळायची. हळूहळू मिस्त्रींची गिऱ्हाइकं तिकडे वळली. पूर्वी गॅरेजमध्ये दोन गाड्यांमधून अंग चोरून जावं लागायचं. आता तिथे एका दमात झाडू मारून होत असे. नवी गाडी घेतली की ती पाच वर्षं कंपनीच्याच दारात न्यावी लागणार, हे बाईंना माहीत होतं. मग मिस्त्रींकडे काय राहिलं? म्हणून मुलीने नव्या गाडीचं नाव काढलं की बाई "बघू" म्हणायच्या, आणि दर दोन महिन्यांनी काही ना काही कुरकुर घेऊन गॅरेजमध्ये जायच्या. कधी वायपर, कधी दाराची कडी. हे बोलून दाखवलं असतं तर ती कीव झाली असती, आणि मिस्त्रींना कीव खपली नसती.

दोन दिवस बाई फोनला चिकटून होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शहरातला एक भंगारवाला म्हणाला, आहे एक ब्लॉक, धड आहे, गाडीला मागून धडक बसली होती म्हणून पुढचं सगळं शाबूत आहे.

बाई चालतच गॅरेजमध्ये गेल्या.

"मिळाला," त्या म्हणाल्या. आपला आवाज शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखा निघालेला त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

मिस्त्री कोपऱ्यात पाने पुसून ओळीने लावत होते. त्यांचा हात थांबला.

"कुठे?"

बाईंनी भंगारवाल्याचं नाव आणि नंबर सांगितला.

"ओळखतो मी त्याला," मिस्त्री म्हणाले. थोडा वेळ त्यांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. "मग ठीक आहे. महिना लागेल. इंजिन उतरवायला घेतो."

बाई घरी आल्या त्या हलक्या पावलांनी. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी कळवलं, महिनाभर सुट्टी. डॉक्टरांच्या आवाजात दुःख फारसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अंगणात झाडांना पाणी घालत होत्या, तर फाटकाशी मिस्त्रींची बायको उभी. बाई तिला वहिनी म्हणत. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर होतं, पण वहिनी कधी या बाजूला आल्या नव्हत्या. हातात पिशवी नव्हती, म्हणजे बाजाराला जाता जाता आल्या नव्हत्या.

"या ना. आत या."

"आत नको. ते उठायच्या आत परत जायचंय." वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"ती गाडी दुरुस्त नका करून घेऊ."

बाईंनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. पाणी मोगऱ्याच्या बुंध्याशी साचत राहिलं.

"त्यांचे हात गेलेत, ताई. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. गरम पाण्यात अर्धा तास हात ठेवून बसतात, मग कुठे पाना धरवतो. हाडांच्या डॉक्टरने तर दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, हे काम बंद करा. टाइल्सवाला जागा मागतोय, चांगल्या किमतीला मागतोय. तिकडे थोरल्या मुलीने आमच्यासाठी खालची खोली रंगवून ठेवलीय. नातवंडं रोज विचारतात, कधी येताय."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं की म्हणतात, बाईंची गाडी आहे तोवर गॅरेज आहे. म्हणतात, सगळ्यांनी पाठ फिरवली, त्या एकट्या येत राहिल्या. म्हणतात, दोन ब्रेकची गाडी, त्या काचवाल्यांना काय कळणार तिच्यातलं? ज्या माणसाने एवढा भरवसा टाकला त्याला दुसऱ्याच्या दारात उभं करू का?" वहिनी थांबल्या. "त्या दिवशी गाडी बंद पडली तर मी देवाला हात जोडले. तुमच्या गाडीच्या वाईटावर होते असं नाही हो. पण वाटलं, आता सुटतील. त्यांनीही धीर करून तुम्हाला सोडा म्हणून सांगितलं. रात्री हसत जेवले. आणि काल तुम्ही ब्लॉक शोधून आणलात."

पाणी आळ्याबाहेर वाहायला लागलं तेव्हा बाईंनी जाऊन नळ बंद केला. परत यायला त्यांना जरा वेळ लागला.

वायपर, दाराची कडी, दर दोन महिन्यांची कुरकुर. प्रत्येक खेपेला तो माणूस आधी अर्धा तास गरम पाण्यात हात घालून बसत असेल.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही नवीच गाडी हवी होती. मुलगी केव्हाची मागे लागलीय. मिस्त्रींना काय वाटेल म्हणून मीच अडून बसले होते."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघीही हसल्या, आवाज न करता, जसं शेजारी झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून हसावं तशा.

"मी आले होते हे त्यांना..."

"तुम्ही कुठे आलात? मी झाडांना पाणी घालत होते."

वहिनी गेल्यावर, दहाच्या सुमारास बाईंनी भंगारवाल्याला फोन केला.

"तो ब्लॉक नको आता."

"अहो, असं कसं?" भंगारवाला म्हणाला. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी मिस्त्रींचा फोन येऊन गेला. मी त्यांना सांगितलं, बाजूला काढून ठेवलाय तुमच्या नावाने, संध्याकाळच्या टेम्पोत टाकतो. बरं म्हणाले."

"तरी नको. तुमचा काही खर्च झाला असेल तर मी देते. पण पाठवू नका."

"खर्च कसला? मला दुसरं गिऱ्हाईक मिळेल. पण मिस्त्रींना कोण सांगणार?"

"मी सांगते."

बाई गॅरेजमध्ये पोचल्या तेव्हा मिस्त्रींनी काम सुरू केलं होतं. जमिनीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर इंजिनचे बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडले होते. प्रत्येक बोल्ट पुसलेला. रेडिएटर काढून भिंतीशी उभा केलेला. एका कामासाठी एवढी मांडामांड करणारा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि हे सगळं मूठही न वळणाऱ्या बोटांनी केलेलं होतं. बाईंनी आज पहिल्यांदा त्या बोटांकडे नीट पाहिलं. सांधे सुजून गाठीसारखे झाले होते. हे इतकी वर्षं समोर होतं.

"संध्याकाळी येतोय ब्लॉक," मिस्त्री वाकूनच म्हणाले.

"नाही येत," बाई म्हणाल्या. "विकला गेला."

मिस्त्री सरळ झाले.

"विकला गेला?"

"हो. मी फोन केला होता. काल संध्याकाळीच कोणीतरी घेऊन गेलं म्हणे."

बाहेर टाइल्सच्या दुकानात कोणीतरी फरशी कापत होतं. तो कर्कश आवाज बराच वेळ चालला. मिस्त्री बाईंकडे पाहत होते. बाईही नजर न वळवता उभ्या होत्या. बावीस वर्षं शिकणाऱ्यांना त्या सांगत आल्या होत्या की समोरच्याला तुमचा इरादा आधी कळला पाहिजे.

"काल संध्याकाळी," मिस्त्री म्हणाले.

"हो."

त्यांनी मान हलवली. सावकाश, दोनदा.

"जुन्या मालाचं असंच असतं," ते म्हणाले. "आज आहे, उद्या नाही."

मग त्यांनी हातातला पाना चादरीवर ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसले. गॅरेजमध्ये त्यांना बसलेलं बाईंनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी उभे असत, वाकलेले असत किंवा गाडीखाली असत. बाईंनी एक उलटा डबा ओढला आणि त्याही बसल्या.

"कोणती घेताय?"

"पांढरी. मुलीने बघून ठेवलीय."

"पांढऱ्यावर धूळ दिसते." थोडं थांबून ते म्हणाले, "पण लांबून दिसते. शिकणाऱ्यांची गाडी लांबून दिसायलाच हवी. दुसरा क्लच-ब्रेक मीच बसवून देईन. ते कोणाला सांगू नका करायला."

"कोणाला सांगणार होते?"

मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे तरी हात होते.

"बाई, एक काम होतं तुमच्याकडे. थोरलीकडे जायचं म्हणतोय आम्ही. तिचं घर जरा बाहेर आहे, दवाखाना लांब पडतो." ते अडखळले. बाईंनी घाई केली नाही. "माझ्याच्याने आता गियर पडत नाही. हात वळत नाहीत. तुमच्या वहिनीला शिकवाल का?"

पाठीमागच्या दारात वहिनी दोन कप चहा घेऊन उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"मला?" त्या म्हणाल्या. "या वयात? मला कोणी विचारलं का?"

"आता विचारतोय ना," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी एक कप बाईंना दिला, दुसरा नवऱ्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांनी घेतला आणि पहिल्यांदाच बाईंसमोर आपले हात लपवले नाहीत.

"नवी गाडी आली की पहिला नंबर तुमचा," बाई वहिनींना म्हणाल्या. "सकाळी सहा चालेल? रस्ता मोकळा असतो."

"सहा कशाला," वहिनी म्हणाल्या. "मी पाचलाच उठते."